गोळी सुरू करताना आणि सोडताना : नैराश्याच्या औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

नैराश्यावरच्या औषधांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि औषधशास्त्राचे अध्यापक यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. या औषधांचा त्रास पहिल्या दिवसापासून होतो आणि गुण मात्र काही आठवड्यांनी येतो, हे बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलंच नाही. त्यामुळे कुणी दुसऱ्या आठवड्यातच गोळी टाकून देतो, तर कुणी बरं वाटल्याबरोबर एका दिवसात बंद करतो. उत्तरांत सर्वांत जास्त जागा या दोन टोकांना दिली आहे.

एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू होऊन आठ दिवस झाले. सतत मळमळतं, हात थरथरतात, पहाटे तीनला जाग येते. मन मात्र होतं तसंच आहे. ही गोळी मला मानवत नाही असं समजू का? (एक वाचक, नाशिक)

आठ दिवसांवरून तसं ठरवू नका. तुम्हाला जे होतंय ते का होतंय, ते आधी सांगतो.

मेंदूतल्या दोन पेशींमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते, पलीकडच्या पेशीला निरोप पोचतो आणि मग सोडणारी पेशी उरलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेते. ओढून घेणारं एक खास प्रथिन असतं. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही सगळी औषधं त्या प्रथिनाला अडवतात. हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच होतं. म्हणजे फटीतलं सेरोटोनिन पहिल्याच दिवशी वाढायला लागतं.

मग गुण लगेच का येत नाही? कारण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवर स्वतःचेच पहारेकरी असतात. सेरोटोनिन वाढल्याचं त्यांना कळलं की ते पेशीला ‘आता कमी सोड’ असा इशारा देतात. हे पहारेकरी बोथट व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर पेशींमधल्या जोडण्या बदलतात, काही नव्या तयार होतात, आणि त्यालाही वेळ लागतो. पोटाचं मात्र तसं नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि तिथल्या ग्राहींना (सेरोटोनिन ओळखणाऱ्या प्रथिनांना) बदल लगेच जाणवतो. मळमळ, पातळ शौचाला होणं, भूक मरणं ही सगळी पहिल्या आठवड्यातली लक्षणं तिथली आहेत. बहुतेकांची ती एक ते दोन आठवड्यांत ओसरतात.

तोपर्यंत करण्यासारखं बरंच आहे. गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर रात्रीची गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यायला हरकत नाही. उलट गुंगी येत असेल तर रात्री घ्या. चहा-कॉफी निम्म्यावर आणा, दुपारनंतर पूर्ण बंद करा. कॅफिनने थरथर वाढते. त्रास सोसवत नसेल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर ५ मिलिग्रॅमवर या आणि मग पुन्हा १० वर जा. घाबरेपणाचा त्रास असलेल्यांना तर सुरुवातच ५ ने करणं बरं. पण आतून अशी तगमग होत असेल की एका जागी बसवत नाही, येरझारा घालाव्या लागतात, किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार नव्याने आले असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

गुणही एका क्रमाने येतो. आधी झोप आणि भूक सुधारते, चिडचिड कमी होते. हे बहुधा घरच्यांना आधी दिसतं. ‘मन लागणं’, आवडीच्या गोष्टीत रस वाटणं सगळ्यात शेवटी येतं. योग्य मात्रेवर चार आठवडे होऊनही तसूभर फरक नसेल तर मात्रा वाढवायची की औषध बदलायचं हा निर्णय घ्यावा लागतो. थोडा फरक असेल तर सहा ते आठ आठवडे द्यावेत. दर रविवारी वहीत चार ओळी लिहा : किती तास झोप, जेवण कसं, अंघोळीला किती वाजता उठलो, कुणाशी बोललो. डॉक्टरांना ‘बरं वाटतंय’पेक्षा या नोंदीचा उपयोग जास्त होतो.

सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येतं हे खोटं ठरलं, असं वाचलं. मग गोळ्या घ्यायच्या कशाला? (एक अभियंता, पुणे)

तुम्ही वाचलंत त्यात अर्धं खरं आहे. २०२२ साली या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला आणि नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असतं याचा सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यात निघाला. ‘तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडलंय, ते आपण भरून काढू’ असं रुग्णाला सांगणं म्हणूनच थांबवायला हवं. रक्तातलं सेरोटोनिन मोजून नैराश्याचं निदान होत नाही. त्या तपासणीवर पैसे घालवू नका.

पण औषध चालतं की नाही हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर रुग्णांवरच्या चाचण्यांतूनच मिळतं. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात २१ औषधं, ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्ण होते. एकूण एक औषध बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं. सरासरी फरक मात्र माफकच होता, हेही सांगायला हवं. आजार जितका तीव्र तितका औषधाचा फायदा ठळक दिसतो. सौम्य नैराश्यात रीतसर समुपदेशन, नियमित व्यायाम आणि झोपेची शिस्त यांनीच अनेकजण बरे होतात, आणि तिथे पहिल्याच भेटीत गोळी लिहून द्यायची घाई नको.

इतिहासही हेच सांगतो : औषध आधी सापडलं, कारणमीमांसा नंतर आली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षयरोगावर आयप्रोनियाझिड देताना रुग्णांची मनःस्थिती उजळते असं दिसलं. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरचा परिणाम प्रसिद्ध केला. सेरोटोनिनचा सिद्धांत त्यानंतरचा.

गोळी सुरू करण्याआधी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ मात्र तपासून घ्या. थायरॉईड मंदावला असेल किंवा ब-१२ खूप कमी असेल तर थकवा, उदासी, विसराळूपणा हे सगळं होतं, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ कमी निघणं नेहमीचं आहे.

आईचं वय ७१. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी एस्सिटॅलोप्रॅम १० सुरू झालं. चार दिवसांपासून ती असंबद्ध बोलते, चालताना तोल जातो, अन्न नको म्हणते. ‘वयामुळे’ असं सगळे म्हणतात. (एक वाचक, सोलापूर)

वयामुळे माणूस चार दिवसांत असा बदलत नाही. आईंना आजच रुग्णालयात न्या आणि रक्तातलं सोडियम तपासा. डॉक्टर पाहीपर्यंत पुढची गोळी देऊ नका, आणि गोळी कधी सुरू झाली ते तारखेसह सांगा.

या गटातल्या औषधांनी काही ज्येष्ठांत पाणी धरून ठेवणारं संप्रेरक जास्त स्रवतं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. हे बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत घडतं. स्त्रिया, बारीक अंगकाठीची माणसं आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणारे यांना धोका जास्त. आईंच्या बीपीच्या गोळीची पट्टी पाहा : घटकांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलं असेल (ब्रँडच्या नावापुढे बऱ्याचदा ‘एच’ किंवा ‘सीटी’ जोडलेलं असतं), तर दोन्ही औषधं मिळून सोडियम खाली ओढत आहेत.

सोडियम १३५ ते १४५ असावं. १२५ च्या खाली गेलं तर गोंधळ, पडणं, फिट येणं इथपर्यंत मजल जाते. घरी मीठ-पाणी किंवा लिंबू-सरबत पाजून ते वाढवायला जाऊ नका. ‘भरपूर पाणी पी’ असा आग्रह तर मुळीच नको, त्याने ते आणखी पातळ होईल. रुग्णालयातही सोडियम सावकाश वाढवतात, कारण फार वेगाने वाढलं तर मेंदूला इजा होते. औषध थांबवल्यावर ते बहुधा काही दिवस ते दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. नंतर नैराश्यावर उपचार चालू ठेवायचेच असतील तर मिर्टाझापिनसारखा पर्याय आहे. त्यात हा धोका कमी असतो, शून्य नसतो.

ज्या घरांत साठीपुढच्या माणसाला ही गोळी सुरू होणार आहे त्यांनी सोडियमची तपासणी सुरुवातीला एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी. साधी, स्वस्त तपासणी आहे. तिच्याअभावी नको ते घडलेली कुटुंबं आम्हाला वारंवार भेटतात. पासष्टीपुढे एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, असं युरोपातल्या औषध नियंत्रकांनी सांगितलं आहे. ईसीजीवर दिसणारं, हृदयाच्या ठोक्याशी संबंधित ‘क्यूटी’ हे अंतर या औषधाने लांबतं. सकाळी अनशेपोटी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांमुळे एस्सिटॅलोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं; पँटोप्राझोलने तेवढं वाढत नाही.

चार वर्षं एकच गोळी चालू आहे. ती घेतली नाही तर रात्रभर झोप नाही. नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते हे खरंच ना? (एक गृहिणी, कोल्हापूर)

पट्टी उलटी करून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. पत्रात तुम्ही लिहिलेल्या नावाला ‘प्लस’ जोडलेलं आहे, म्हणून आमचा अंदाज असा की तिथे दोन नावं असतील : एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि त्याखाली क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. एका गोळीत दोन औषधं. सवय लागली आहे ती दुसऱ्याची.

क्लोनाझेपामचं काम पूर्ण वेगळं आहे. ते मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतं, म्हणून त्याच रात्री झोप लागते आणि धडधड थांबते. पहिले दोन ते चार आठवडे, म्हणजे एस्सिटॅलोप्रॅमचा गुण येईपर्यंत, त्याचा आधार देणं योग्य असतं. पुढे ते काढून टाकायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? दोन्ही एकाच गोळीत असल्याने काढायची आठवण कुणालाच राहत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून दर महिन्याला पट्टी आणली जाते आणि वर्षं सरतात. शरीर त्याला सरावतं, तेवढ्या मात्रेने झोप लागेनाशी होते. पुढे विसराळूपणा, दिवसा झापड आणि म्हातारपणी पडून खुबा मोडणं हे त्याच्याच वाटेने येतं.

अशा जोडगोळीची आणखी एक अडचण आहे. मात्रा वाढवली की दोन्ही वाढतात, अर्धी केली की दोन्ही अर्धी होतात, विसरली की दोन्ही एकदम थांबतात. एस्सिटॅलोप्रॅम स्थिर ठेवून क्लोनाझेपाम कमी करणं त्यात शक्यच नसतं. आमचं मत स्पष्ट आहे : नैराश्यासाठी ही दोन औषधं एका गोळीत देऊ नयेत.

तुम्ही आता काय करायचं? गोळी स्वतः बंद करू नका. रोज घेतलेलं क्लोनाझेपाम अचानक थांबलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना दोन वेगळ्या गोळ्या लिहून मागा. एस्सिटॅलोप्रॅम आहे तेवढंच राहू द्या. क्लोनाझेपाम ०.२५ मिलिग्रॅमचंही मिळतं, त्यामुळे ०.५ वरून टप्प्याटप्प्याने उतरता येतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने दर दोन आठवड्यांना एक दशांश ते एक चतुर्थांश एवढंच कमी करावं, आणि त्रास झाला तर त्या टप्प्यावर जास्त थांबावं. प्रत्येक टप्प्यावर चार-सहा रात्री झोप खराब जाते. ती जाणार हे धरून चाला, म्हणजे घाबरून पुन्हा मात्रा वाढवली जात नाही.

मग एस्सिटॅलोप्रॅम तरी सहज सुटतं का? मला बरं वाटत होतं म्हणून पाच महिन्यांनी बंद केलं. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, गरगरतं, उगाच रडू येतं. (एक शिक्षक, नागपूर)

सहज सुटत नाही, आणि ‘काही होत नाही, द्या सोडून’ असं सांगणाऱ्यांनी रुग्णांचं नुकसान केलं आहे. या औषधाची ओढ लागत नाही, जास्त-जास्त घ्यावंसं वाटत नाही, त्या अर्थाने ते व्यसन नाही. पण मेंदू त्याच्या उपस्थितीशी जुळवून घेतो आणि ते अचानक गेलं की गोंधळतो. डोक्यातला झटका, चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू ही त्याचीच लक्षणं आहेत. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर जातात, म्हणून त्यांचा त्रास सर्वांत जास्त. एस्सिटॅलोप्रॅमचं प्रमाण साधारण ३० तासांत निम्मं होतं, म्हणून त्रास दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून शरीरात बनणारा घटक कित्येक आठवडे रेंगाळतात, त्यामुळे ते सोडणं तुलनेने सोपं जातं.

आजार परत आला की औषध सुटल्याचा त्रास आहे, हे ओळखायच्या खुणा आहेत. सुटल्याचा त्रास दिवसांत येतो, त्यात चक्कर आणि झटके असतात, आणि गोळी पुन्हा सुरू केली की एक-दोन दिवसांत थांबतो. आजार परततो तो हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी, आणि गोळीने लगेच उतरत नाही. तुमची लक्षणं पहिल्या प्रकारची दिसतात. डॉक्टरांशी बोलून जुनी मात्रा पुन्हा सुरू करा, स्थिर व्हा आणि मग रीतीने उतरवा.

उतरवण्यात एक मेख आहे. मेंदूच्या चित्रणातून असं दिसलं आहे की नेहमीच्या सर्वांत कमी मात्रेलाच त्या ओढून घेणाऱ्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के अडवली जातात. मात्रा दुप्पट केली तरी आकडा थोडाच वर जातो. याचाच उलटा अर्थ असा की १० वरून ५ वर येताना मेंदूला फारसं कळत नाही, आणि ५ वरून शून्यावर येताना मात्र तो कड्यावरून खाली पडतो. म्हणून शेवटचे टप्पे सर्वांत बारीक हवेत : १० वरून ५, दोन ते चार आठवडे, मग ५ ची गोळी अर्धी करून २.५, आणखी दोन ते चार आठवडे. ज्यांना आधी त्रास झाला आहे त्यांनी त्याचंही अर्धं करून पुन्हा तेवढेच दिवस. गोळी कापायचं छोटं यंत्र केमिस्टकडे मिळतं, सुरीने कापताना चुरा होतो. एक दिवसाआड गोळी घेण्याची पद्धत एस्सिटॅलोप्रॅमला चालत नाही, त्यात रक्तातलं प्रमाण सारखं वर-खाली होतं. व्हेन्लाफॅक्सिनची ‘एक्सआर’ (औषध हळूहळू सोडणारी) कॅप्सूल चावायची किंवा कुटायची नाही; १५० वरून ७५, मग ३७.५ अशा कॅप्सूल मिळतात त्या वापराव्या.

आणि मुळात पाच महिने कमी होते. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर *पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून* सहा ते नऊ महिने त्याच मात्रेवर राहायचं असतं. सुरुवातीपासून मोजायचं नसतं. आजार दुसऱ्या-तिसऱ्यांदा आला असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. शाळेची परीक्षा, घरचं लग्न, घर बदलणं अशा धावपळीत उतरवायला सुरुवात करू नका.

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. गोळी सुरू झाल्यापासून पत्नीजवळ जावंसंच वाटत नाही, आणि गेलो तरी शेवटपर्यंत पोचत नाही. (नाव-गाव दिलेलं नाही)

हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, पुरुषांत आणि स्त्रियांतही. रुग्ण आपणहून सांगत नाहीत म्हणून तो दुर्मीळ वाटतो. विचारलं की प्रमाण बरंच मोठं निघतं. मळमळ आपोआप जाते तसा हा बहुधा जात नाही, म्हणून सांगायलाच हवा. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

आजारानेही इच्छा मरते, म्हणून हे गोळीच्या आधीपासून होतं की नंतर आलं ते आठवून सांगा. उपाय आहेत. मात्रा थोडी कमी करून पाहता येते. ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिन किंवा व्होर्टिऑक्सेटिन या औषधांत हा त्रास कमी असतो. ब्युप्रोपिऑन फिट येणाऱ्यांना चालत नाही. पुरुषांना सिल्डेनाफिल देता येतं, पण हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांना ते कधीच नाही. त्रास होतो म्हणून शनिवार-रविवार गोळी गाळायची, असं काहीजण करतात. त्यात वरच्या उत्तरातला सुटण्याचा त्रास ओढवून घेतला जातो. औषध थांबल्यावर हे बहुतेकांचं पूर्ववत होतं. थोड्या लोकांत ते नंतरही टिकल्याच्या नोंदी आहेत आणि २०१९ साली युरोपीय औषध संस्थेने तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. हे माहीत असणं तुमचा हक्क आहे.

मुलगी १७ वर्षांची. डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन दिलंय. या गोळीने मुलं आत्महत्या करतात असं वाचून हात थरथरतोय. (एक पालक, ठाणे)

इशारा खरा आहे. तो काय सांगतो ते नीट पाहू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलं आणि किशोरांसाठी, आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तो पाकिटावर छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा कृती औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के होती. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नाही. दुसऱ्या बाजूला, उपचार न झालेलं तीव्र नैराश्य हेच सर्वांत मोठं संकट आहे. मुलांत ज्या औषधाचा पुरावा सर्वांत चांगला आहे ते फ्लुऑक्सेटिनच.

तेव्हा गोळी द्या आणि जागं राहा. पहिले चार आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दोन आठवडे नाजूक. दर आठवड्याला डॉक्टरांची भेट किंवा निदान फोन ठरवून घ्या. गोळ्यांची पट्टी तुमच्या ताब्यात ठेवा, रोजची एक हातात द्या. घरातल्या इतर औषधांचे डबे, शेतीच्या औषधाची किंवा कीटकनाशकाची बाटली कुलपात. मुलीला सरळ विचारा, ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते.

आणखी एक लक्षण ओळखा. मुलगी अचानक फार उत्साही झाली, तीन-चार तास झोपूनही ताजीतवानी, अखंड बोलणं, मोठमोठे बेत, ऐपतीबाहेरचा खर्च, तर ते बरं होणं नव्हे. ते उन्मादाकडे झुकणं असू शकतं. असं पूर्वी तिला किंवा घराण्यात कुणाला झालं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, औषधाची निवडच बदलेल. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

पाठदुखीसाठी गेलो तर अमिट्रिप्टिलिन १० दिलं. केमिस्ट म्हणाला ही वेडाची गोळी. (एक वाचक, रत्नागिरी)

केमिस्टने असं बोलायला नको होतं. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावर ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतं. १० किंवा २५ मिलिग्रॅममध्ये ते मज्जातंतूंतून येणारी वेदना दाबतं. अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यात ते कितीतरी वर्षं वापरात आहे. मधुमेहातल्या पायांच्या जळजळीला ड्युलॉक्सेटिन देतात तेही याच न्यायाने. झोपण्याआधी एक-दोन तास घ्या. तोंड कोरडं पडेल, बद्धकोष्ठता होईल, सकाळी सुस्ती राहील. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्याची तक्रार असेल तर घेण्याआधी सांगा. लहान मुलांच्या हाताला ही गोळी लागू देऊ नका, जास्त पोटात गेली तर हृदयावर घातक परिणाम होतो.

सर्ट्रालीन चालू असताना सर्दी-ताप, अंगदुखीवर काय चालतं? आणि उपवास? (एक वाचक, सातारा)

तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल बेधडक घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन सांभाळून, कारण रक्त गोठवणाऱ्या पेशी सेरोटोनिन स्वतः बनवत नाहीत, रक्तातून ओढून घेतात. ती ओढ या औषधाने थांबली की गोठणं थोडं मंदावतं, आणि वर वेदनाशामक आलं की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौच डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवा.

त्याहून सावध राहायचं ते ट्रामाडॉल या वेदनाशामकापासून आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या कोरड्या खोकल्याच्या औषधापासून. सेरोटोनिन दोन्हीकडून वाढलं तर काही तासांत घाम, थरथर, जुलाब, ताप, पायांना झटके आणि गोंधळ सुरू होतो. ही तातडीची अवस्था असते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड देतात, त्यानेही हेच होऊ शकतं. म्हणून क्षयरोगाच्या दवाखान्यात मानसोपचाराचा केसपेपर दाखवाच. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन नको, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात क्रियाशील रूप बनणं त्याने अडतं.

उपवासाला गोळी चालू ठेवा. अनशेपोटी मळमळत असेल तर केळं किंवा दूध घेऊन घ्या. निर्जळी मात्र वयस्करांनी करू नये. दारूने गुंगी वाढते आणि नैराश्यही, म्हणून टाळा.

दिवस राहिले आहेत. सर्ट्रालीन ५० चालू आहे. सासूबाई म्हणतात आजच बंद कर. (एक वाचक, मुंबई)

आज बंद करू नका, या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गरोदरपणात औषध अचानक थांबवल्याने नैराश्य उलटतं, आणि आईचं खाणं-झोप बिघडली की बाळावरही परिणाम होतो. या गटातलं सर्ट्रालीन गरोदरपणात बहुधा पहिल्या पसंतीचं मानतात. पॅरॉक्सेटिन मात्र पहिल्या तिमाहीत शक्यतो टाळतात, कारण बाळाच्या हृदयातल्या दोषाशी त्याचा संबंध दिसला आहे. शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर प्रसूतीआधी बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा. काही बाळं पहिले दोन-तीन दिवस किरकिरी, थरथरती असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. अंगावर पाजायला हरकत नाही, सर्ट्रालीन दुधात फार थोडं उतरतं.

गणपतीला गावी गेले आणि गोळ्या मुंबईत राहिल्या. आता काय? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

कोणतं औषध आहे यावर ठरतं. फ्लुऑक्सेटिन असेल तर चार-पाच दिवस गेले तरी घाबरू नका. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन असेल तर उद्याच चक्कर सुरू होईल, म्हणून आजच हालचाल करा. चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर मागवा. गावातल्या केमिस्टकडे तुमचा ब्रँड नसेल तर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम सांगा. तेच औषध दुसऱ्या ब्रँडमध्ये चालतं, जनऔषधी केंद्रातलं स्वस्तातलंही चालतं. ‘एक्सआर’, ‘सीआर’ ही हळूहळू सुटणाऱ्या औषधाची अक्षरं मात्र जुळायला हवीत. दुकानात नसेलच तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन घेऊ नका. आठवड्याहून जास्त खंड पडला असेल आणि मूळ मात्रा मोठी असेल तर एकदम तिच्यावर न जाता डॉक्टरांना फोन करून खालून सुरुवात करा.